आठव्या दिवशी थांबवलेल्या गोळ्या

२०२२ सालच्या गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारची सकाळची शाळा चालू असताना, नववीच्या वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता माझ्या हातातील खडू थरथरू लागला. भाद्रपदातले ऊन, वर पत्र्याचे छप्पर, मुले वहीने वारा घेत होती आणि मला मात्र दात वाजतील इतकी थंडी भरली होती. मी चोपडा तालुक्यातील, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. एका सहकाऱ्याने मला मोटारसायकलवरून घरी सोडले. घरी दोन गोधड्या अंगावर घेऊनही हीव थांबेना. पाऊण तासाने थंडी ओसरली आणि अंग तव्यासारखे तापले. डोके फुटेल असे वाटत होते, उलटीची भावना होत होती. दुपारनंतर घामाने अंथरूण भिजले, ताप उतरला आणि मी गाढ झोपलो. दुसऱ्या दिवशी, रविवारी, इतके बरे वाटले की मी धाकट्या भावाबरोबर शेतात जाऊन आलो. सोमवारी जवळजवळ त्याच वेळी पुन्हा तीच थंडी, तोच ताप आणि तोच घाम.

माझ्या आईचे वय त्या वेळी अठ्ठ्याहत्तर होते. तिने सोमवारीच सांगितले, "हाऊ पाळीना ताप शे भाऊ, साधा नही." एक दिवस सोडून ठरल्या वेळी येणारा हा ताप, म्हणजे हिवताप किंवा मलेरिया, तिने लहानपणी माहेरी पुष्कळ पाहिला होता. त्या काळी खांद्यावर पंप घेतलेली माणसे येत, गोठ्यापासून देवघरापर्यंत भिंतींवर डीडीटी फवारत आणि दाराच्या चौकटीवर तारीख लिहून जात, ही तिची आठवण आम्ही अनेकदा ऐकली होती. राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम १९५३ साली सुरू झाला, तेव्हाची आणि त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांची ही गोष्ट. रोग इतका मागे हटला की १९६० च्या दशकाच्या मध्यास देशभरात वर्षाला लाखभरच रुग्ण नोंदले जात होते. पुढे ढिलाई झाली, डास आणि रोगजंतू दोघेही औषधांना सरावले आणि १९७६ साली हा आकडा चौसष्ट लाखांवर गेला. आईला हे आकडे ठाऊक नव्हते, परंतु तिला तापाची पाळी ओळखता येत होती. मी तिचे ऐकले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

मी तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात गेलो. तेथे रक्त तपासले गेले, पण ते विडाल चाचणीसाठी. टायफॉइडचा अंश आहे असे सांगून मला सलाईन लावण्यात आले आणि पाच दिवसांची प्रतिजैविके देण्यात आली. रक्तात हिवतापाचे जंतू आहेत का, हे कोणी पाहिले नाही, आणि पाहावे असे मीही म्हटले नाही. त्या आठवड्यात ताप पाळीने येतच राहिला. मात्र तापाची गोळी आधीच पोटात असल्याने त्याची धार थोडी बोथट झाली आणि औषध लागू पडत आहे असा माझा समज झाला. हिवतापाच्या बातम्या आम्ही वाचायचो त्या गडचिरोलीच्या. तो आजार तिकडचा, आपल्याकडे आता उरला नाही, असे आमच्या गावातील शिकलेल्या माणसांनी जणू ठरवूनच टाकले होते.

पितृपक्षाच्या दुसऱ्या आठवड्यात आरोग्यसेवक घरोघरी ताप विचारत आमच्या ओसरीवर आले. हे गृहस्थ पंधरा दिवसांनी एकदा येतात, भिंतीवर खडूने काही लिहून जातात, एवढेच मला माहीत होते. त्यांनी माझी हकीकत उभ्यानेच ऐकली, पिशवी खाली ठेवली आणि बोटाला सुई टोचून रक्ताचे थेंब घेतले. एक थेंब त्यांनी तपासणीच्या छोट्या पट्टीवर सोडला. काचेच्या पट्टीवर एक जाड थेंब गोल पसरवला आणि शेजारी एक पातळ थर ओढला. पंधरा-वीस मिनिटांनी चाचणीच्या पट्टीवर दोन रेषा उमटल्या. एक रेषा चाचणी नीट झाल्याची असते आणि दुसरी 'व्हायव्हॅक्स' जातीच्या जंतूची होती. नऊ दिवस आणि साडेसहा हजार रुपये घालवून जे कळले नव्हते ते आमच्या ओसरीवर, एक पैसाही न देता, चहा निवण्याच्या आत कळले.

यानंतर त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि त्या प्रश्नांमुळे मी या आजाराकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. गेल्या महिनाभरात रात्री कुठे झोपलात, हे त्यांना हवे होते. मी सांगितले की राखीपौर्णिमेला बहिणीकडे सुरतेला आठ दिवस होतो आणि तेथून आल्यावर मक्याला रानडुकरांचा त्रास असल्याने भावाबरोबर चार रात्री शेतात राखणीला गेलो होतो. खानदेशातील निम्म्या घरांचे कोणी ना कोणी सुरतेला असते, त्यामुळे त्यांना याचे नवल वाटले नाही. परंतु ताप गावातला की बाहेरून आलेला, याची नोंद त्यांना करायची होती. देशाने २०३० पर्यंत हिवताप हटवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे आणि त्यासाठी प्रत्येक रुग्णाला जंतू कोठे लागला हे शोधावे लागते, असे त्यांनी सांगितले. सुरतेत घरावरच्या टाक्यांत वाढणारा ॲनोफिलीस डासही हा रोग पसरवतो आणि आमच्या शिवारातील, नाल्याच्या स्वच्छ पाण्यात वाढून गोठ्यात विसावणारा त्याचा भाऊबंदही पसरवतो. मादीच चावते, तीही संध्याकाळनंतर आणि पहाटेपर्यंत. चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारण दोन आठवडे जातात, पण व्हायव्हॅक्सच्या बाबतीत हा काळ काही महिन्यांपर्यंत लांबू शकतो. त्यांनी रकाना भरताना बराच वेळ विचार केला. काय लिहिले ते मी विचारले नाही.

काचपट्टीचा अहवाल आणायला मी स्वतः प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ ताईंनी मला सूक्ष्मदर्शकातून माझे रक्त पाहू दिले. ते दृश्य मी आयुष्यभर विसरणार नाही. फिकट तांबड्या चकत्यांच्या गर्दीत एखादीच चकती इतरांहून फुगलेली होती आणि तिच्यात निळसर कड्याला लाल खडा बसवावा तशी अंगठी दिसत होती. दुसऱ्या एका पेशीत ती अंगठी वाढून वेडीवाकडी पसरली होती. ताईंनी समजावले की डासाच्या लाळेतून आलेले जंतू आधी यकृतात जातात, तेथे वाढून रक्तात उतरतात आणि तांबड्या पेशींत शिरून आतला रक्तवर्ण (हिमोग्लोबिन) खाऊन वाढतात. सुमारे अठ्ठेचाळीस तासांनी अशा असंख्य पेशी एकाच वेळी फुटतात, नवे जंतू बाहेर पडतात आणि शरीराला हीव भरते. मधला दिवस मला बरे वाटत होते, कारण त्या दिवशी जंतू माझ्याच पेशींत निवांत वाढत होते. आईने ज्याला पाळी म्हटले ती ही.

त्याच काचपट्टीवर ताईंनी आणखी एक मोठा, गोलसर जंतू दाखवला. तो ताप आणत नाही. तो डासाच्या पोटात जाण्यासाठी तयार झालेला असतो. सर रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाच्या जंतूची वाढ पाहिली, हे मी सामान्यज्ञानाच्या प्रश्नोत्तरांत मुलांकडून पाठ करून घेत आलो होतो. आता त्या शोधाचा माझ्या घराशी काय संबंध, हे लख्ख समजले. व्हायव्हॅक्समध्ये हे डासाकडे जाणारे जंतू तापाच्या सुरुवातीपासूनच रक्तात असतात. म्हणजे टायफॉइडची औषधे घेत मी मच्छरदाणीशिवाय ओसरीवर झोपलो, त्या प्रत्येक रात्री मला चावलेली मादी हा जंतू घेऊन जाऊ शकत होती, आणि दहा-बारा दिवसांनी तो दुसऱ्या कुणाला देऊ शकत होती.

उपचार दोन भागांचा होता. पहिले तीन दिवस क्लोरोक्विन: चार, चार आणि दोन गोळ्या. ती कडू गोळी जिभेवर जरा रेंगाळली तरी संध्याकाळपर्यंत तोंडाची चव जात नसे. याच्या जोडीला पहिल्या दिवसापासून चौदा दिवस प्रायमाक्विन. क्लोरोक्विन रक्तातले जंतू मारते, परंतु व्हायव्हॅक्सचे काही जंतू यकृतात निद्रिस्त होऊन बसतात आणि त्यांच्यावर क्लोरोक्विनचा काही परिणाम होत नाही. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन लागते. गावच्या आशा स्वयंसेविकेने, म्हणजे आमच्या आशाताईंनी, हे दोनदा सांगितले. गोळी जेवणानंतरच घ्या आणि लघवीचा रंग काळ्या चहासारखा दिसला तर गोळी थांबवून लगेच कळवा, हेही बजावले. तिसऱ्या दिवशी माझा ताप गेला. घरातील सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि खरे सांगायचे तर माझ्या मनात आजार त्याच दिवशी संपला.

सहा गोळ्या झाल्या आणि घटस्थापना आली. आमच्या घरी नवरात्राचे नऊ दिवस उपवास असतात, ते मी कधी मोडले नव्हते. सातव्या दिवशी भगर खाऊन गोळी घेतली तर पोटात कळा आल्या आणि ती अर्धवट पाण्याबरोबर बाहेर पडली, तेव्हा मी तिची जागा दुसऱ्या गोळीने भरली नाही. आठव्या दिवशी मी पाकीट देव्हाऱ्याजवळच्या फडताळात ठेवून दिले. आशाताईंनी विचारले तेव्हा मी "चालू आहेत" म्हणालो. शिक्षक असून मी त्यांच्याशी खोटे बोललो. ती बाई गावात तिसऱ्या गल्लीपर्यंत पायी फिरते, तिला गोळ्या मोजण्याचा नव्हे तर माझा जीव सांभाळण्याचा मोबदला मिळतो असे मी मानतो, आणि मी तिला फसवले.

दिवाळी झाली. भाऊबीजेनंतर चार-पाच दिवसांनी आमच्या सालदाराचा सात वर्षांचा मुलगा आजारी पडला. हे पावरा आदिवासी कुटुंब आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सालाने लागले होते आणि शेतातच, गोठ्याला लागून असलेल्या तुराट्यांच्या कुडाच्या झोपडीत राहत होते. मुलाचा ताप माझ्यासारखा पाळीचा नव्हता. तो रोज येई, कधी दुपारी, कधी रात्री. मध्ये पूर्ण उतरत नसे. बापाने कापूस वेचणीचे दिवस म्हणून दोन दिवस काढले. बोलावे तर काम खोळंबते, उचल आधीच घेतलेली, पुन्हा पैसे कसे मागावेत, हा त्याचा संकोच होता, आणि तो संकोच आमच्यासारख्या मालकांनीच पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या मनात रुजवलेला आहे. तिसऱ्या सकाळी मुलगा हाक मारली तरी डोळे उघडेना. भावाने त्याला जीपमध्ये घातले. आरोग्य केंद्रात पट्टीवर उमटलेली रेषा या वेळी 'फाल्सिपॅरम'ची होती.

या दोन जंतूंतला फरक मी त्या दिवशी रुग्णालयाच्या बाकावर बसून शिकलो. व्हायव्हॅक्स मुख्यतः कोवळ्या तांबड्या पेशींत शिरतो, म्हणून रक्तात त्याची संख्या मर्यादित राहते. फाल्सिपॅरमला लहान-मोठी कोणतीही पेशी चालते आणि बाधित पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात. मेंदूतल्या वाहिन्यांत असे झाले की शुद्ध हरपते, झटके येतात. मुलाची रक्तातली साखर घसरली होती, रक्तही फार कमी झाले होते. त्याला शिरेतून साखर आणि आर्टेसुनेटचे इंजेक्शन दिले. बारा तासांनी पुन्हा आणि चोवीस तासांनी पुन्हा. एक पिशवी रक्तही चढवावे लागले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने आईला पावरीत काहीतरी मागितले. ती उठून पाणी आणायला गेली आणि दाराआड उभी राहून रडली.

डॉक्टरांनी कुटुंबाची सिकलसेलची कार्डे मागितली. नंदुरबार आणि आमच्या सातपुडा पट्ट्यातील भिल्ल व पावरा समाजांत हा रक्तदोष बराच आढळतो. मुलाची थोरली बहीण वाहक होती, मुलाच्या रक्तात दोष नव्हता. दोषाची एकच प्रत वाहणाऱ्यांना फाल्सिपॅरमचा गंभीर आजार पुष्कळ कमी होतो, असे डॉक्टर म्हणाले. म्हणूनच जेथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या राहिला तेथे हा दोष टिकून राहिला. मात्र आईबाप दोघांकडून तो आला तर मूल आयुष्यभर वेदना भोगते आणि अशा मुलाला हिवताप झाला तर तो फार घातक ठरतो. डोंगरातल्या माणसांनी या तापाची किंमत रक्तातच मोजून ठेवली आहे, हे मला तोवर माहीत नव्हते.

माझ्या मनात एकच प्रश्न घोळत होता आणि तो मी आरोग्यसेवकांना विचारला: हे माझ्यामुळे झाले का? ते म्हणाले, नाही, तुमचा जंतू वेगळ्या जातीचा होता. नंतर आम्ही दोघांनी शेत पालथे घातले. पावसाळा सरल्यावर नाल्याच्या पात्रात राहिलेली डबकी, गुरांचा हौद, ठिबकच्या गळक्या जोडाखाली साचलेले पाणी त्यांनी पळीने काढून पांढऱ्या ताटलीत पाहिले. ॲनोफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, काडी पडावी तशी तरंगते. गटारातल्या डासांची अळी डोके खाली करून लोंबते. हौदात ती आडवी काडी पुष्कळ होती. झोपडीपासून हौद वीस पावलांवर होता. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून हौद दर आठवड्याला पूर्ण कोरडा करायचा एवढे साधे काम होते आणि ते आम्ही कधी केले नव्हते. नाल्यातील डबक्यांपैकी जी बुजवता येत होती ती बुजवली, मोठ्या डबक्यात गप्पी मासे सोडले. त्या आठवड्यात शेतातील सगळ्यांचे रक्त तपासले गेले आणि मुलाच्या आईच्याही रक्तात जंतू सापडला, तिला ताप आलेला नसताना.

मुलगा वाचला. परंतु तो दोन महिने शाळेत गेला नाही, थोडे चालला की बसकण मारी. दुसरीत तो आधी जोडाक्षरे वाचू लागला होता. पुन्हा शाळेत आला तेव्हा काना-मात्रा अडखळत होता. मी संध्याकाळी त्याला शिकवत असे. गेलेली अक्षरे परत आली, पण फार हळू.

आणि मग माझा ताप परत आला. जानेवारी २०२३ चा शेवटचा आठवडा, माघातली थंडी. रात्री शेकोटीशिवाय बसवत नव्हते, महिनाभर डास असा दिसला नव्हता. तरी एका दुपारी तेच हीव भरले आणि एक दिवस सोडून पुन्हा भरले. या वेळी मी दुसऱ्या पाळीची वाट पाहत थांबलो नाही म्हणायला हवे होते, पण थांबलो. खात्री करून घ्यायची होती असे मनाला सांगितले. पट्टीवर व्हायव्हॅक्सची रेषा उमटली. आशाताईंनी माझ्याकडे पाहिले आणि मी फडताळातले पाकीट आणून त्यांच्या पुढ्यात ठेवले. त्यांनी उरलेल्या गोळ्या मोजल्या, रागावल्या नाहीत. नवीन डास चावला असण्याची शक्यता अगदीच नाही असे नव्हे, परंतु बहुधा सप्टेंबरमध्ये यकृतात झोपलेलेच जागे झाले, असे त्या म्हणाल्या.

दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी आधी जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची (एन्झाइमची) तपासणी करून घेतली. ज्यांच्या रक्तात हे विकर कमी असते त्यांच्या तांबड्या पेशी प्रायमाक्विनमुळे फुटू लागतात. लघवी काळी होण्याचा इशारा त्यासाठीच होता. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला हे औषध देत नाहीत. माझे प्रमाण ठीक निघाले. पुन्हा तीन दिवस कडू गोळ्या, पुन्हा चौदा दिवस प्रायमाक्विन. या खेपेस आईने काम हाती घेतले. रोज दुपारी वरण-भात वाढून ती समोर बसे, मी गोळी गिळली की देव्हाऱ्यामागच्या भिंतीवर कुंकवाचे एक बोट ओढी. मध्ये महाशिवरात्र आली. त्या दिवशी मी जेवलो, आणि तिने वाढले. चौदावे बोट ओढून झाल्यावर तिने रिकामे पाकीट आशाताईंना द्यायला माझ्याच हातून पाठवले.

एप्रिलमध्ये आखाजी आली. आमच्याकडे या दिवशी सालदाराचा नवा ठराव होतो: रोख किती, धान्य किती, कपडे आणि वहाणांचे जोड किती. आमचा सालदार पुन्हा राहायला तयार झाला. या वेळी ठरावात भावाने आणि मी दोन गोष्टी वाढवल्या. घरात कोणाला ताप आला की त्याच दिवशी कळवायचे आणि त्या दिवसांची मजुरी कापायची नाही. झोपडी गोठ्यापासून आणि हौदापासून दूर, बांधाच्या उंच बाजूला हलवायची. औषध लावलेल्या मच्छरदाण्या आरोग्य केंद्राकडून आल्या होत्या, पण कुडाच्या भिंतीला खिळा धरत नाही आणि त्यामुळे त्या गाठोड्यात बांधून ठेवल्या होत्या, हे आम्हाला तेव्हा कळले. भावाने चार बांबू आणले, सालदाराने कोपऱ्यांत खड्डे घेतले आणि सुंभाने पहिली मच्छरदाणी ताणून बांधली. मुलगा आत शिरून बसला आणि आपली पुस्तकाची पिशवी त्याने आत ओढून घेतली.